पुलावरचा हुकूम

"बटण दाबायचं, एक श्वास थांबायचं, मग बोलायचं," फेलिसा म्हणाली. "घाई केलीत तर पहिला शब्द गिळला जातो. रेडिओचा सेट तोंडापासून जरा लांब धरा. वारा असेल तर वाऱ्याकडे पाठ करा."

चावडीसमोर आंब्याखाली गावचे नवे तानोद बसले होते. तानोद म्हणजे गावचे बिनपगारी पोलीस. हातात वेताची काठी, गळ्यात शिट्टी, अंगात ढगळ जाकीट. फेलिसा त्यांची प्रमुख. सगळे तिला मानांग म्हणत, म्हणजे ताई.

"जादा बॅटरी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आतल्या खिशात ठेवा. पावसात तीच तुम्हाला वाचवेल."

"आणि रात्री जेवायला काय केलंय, हे बायकोला यावर विचारायचं नाही," जुना तानोद डेन्सियो म्हणाला. "सगळं गाव जेवायला येतं."

लोक हसले. शेवटच्या बाकावरचे ताता आम्बो हसले नाहीत. वयानं सगळ्यांत मोठे, म्हणून ताता, काका. याच आठवड्यात त्यांनी तानोदांत नाव घातलं होतं. नाही म्हणायला फेलिसाची जीभ रेटली नव्हती.

दर वर्षी ती शिकवणीच्या शेवटी एक गोष्ट सांगे. मागच्या मोठ्या वादळात ताता आम्बोंचा मुलगा एफ्रेन नदीवरच्या बुटक्या पुलाशी पहाऱ्यावर होता. तानोद होऊन त्याला महिनाही झाला नव्हता. पुलावर पाणी चढायला लागलं होतं. पलीकडून एक म्हातारी हात करत होती. ओलांडू का, असं त्यानं रेडिओवर विचारलं. फेलिसानं 'ओलांडायचा नाही' म्हणून सांगितलं. तो 'बरं मानांग' म्हणाला आणि सरळ पुलावर गेला. म्हातारी नंतर होडीनं सुखरूप आली. एफ्रेनचं जाकीट खालच्या अंगाला मक्याच्या शेतात सापडलं. एफ्रेन सापडला नाही. हुकूम मोडला म्हणून चावडीत त्याची तसबीर लागली नाही. 'एफ्रेनसारखं करू नका,' असं म्हणून फेलिसा गोष्ट संपवायची.

आज तिनं ती गाळली. "चला, आता प्रत्यक्ष करून बघू," ती म्हणाली.

"फेलिसा," ताता आम्बो म्हणाले, "माझ्या पोराचं सांगायचं राहिलं."

फेलिसानं खाली बघत कशीबशी ती गोष्ट सांगितली. ताता आम्बोंनी ती सगळी ऐकून घेतली. मग उठले, एक सेट उचलला आणि म्हणाले, "मी पुलाशी उभा राहतो."

उन्हाळ्याची सकाळ होती. नदी खडकांमधून खळखळत होती, पूल कोरडा पडला होता. डेन्सियो दुसरा सेट घेऊन दूर कुंपणापाशी गेला. बाकीचे फेलिसाभोवती उभे राहिले. पुलाच्या तोंडाशी ताता आम्बोंचं पिवळं जाकीट तेवढं दिसत होतं. पाठीमागून बघताना ते कुणाचंही वाटलं असतं.

सेट खरखरला.

"मानांग, पलीकडून म्हातारी हात करतेय. पूल ओलांडू का?"

आजवर ताता आम्बोंनी तिला कधी मानांग म्हटलं नव्हतं. पलीकडे कुणीही नव्हतं. शब्द एफ्रेनचेच होते. दम खात बोलण्याची ढबही तीच. तिनं बटण दाबलं, एक श्वास थांबली आणि मोठ्यानं, नीट म्हणाली, "पूल ओलांडायचा नाही."

आजूबाजूच्या सगळ्यांनी ते ऐकलं.

"बरं मानांग," सेटमधून आलं. आणि पिवळं जाकीट पुलावर चालू लागलं.

"ताता!" फेलिसा हातातला सेट विसरून काठाकडे धावली. "नाही म्हटलं ना मी! अशी चेष्टा करतात का?"

ताता आम्बो पुलाच्या मध्यावर थांबले आणि वळले. चेहऱ्यावर चेष्टा नव्हती, गोंधळ होता.

"तुम्हीच म्हणालात," ते तिथूनच ओरडले. "पूल ओलांडायचा. एवढंच आलं."

फेलिसानं लोकांकडे पाहिलं. "मी नाही म्हटलं. तुम्ही सगळ्यांनी ऐकलंत."

"ऐकलं," एक जण म्हणाला. "पण आम्ही तर तुमच्या शेजारी होतो."

डेन्सियो कुंपणाकडून हळूहळू चालत आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"यावरही तेवढंच आलं, मानांग," तो म्हणाला. "तुम्ही शेवटचा शब्द बोलता बोलताच बोट उचलता. पहिल्यापासूनच. आम्हा जुन्यांना सवय झालीय, उरलेलं आम्ही समजून घेतो."

"वादळाच्या दिवशी तुझ्याकडे सेट होता," फेलिसा म्हणाली.

"होता."

"काय ऐकलंस?"

डेन्सियोनं टोपी काढून हातात घेतली. "इतकी वर्षं मी तेच आठवतोय. 'नाही' ऐकलं, असंच सांगत आलो. खरंच ऐकलं की आपसूक धरून चाललो, देव जाणे."

एफ्रेन तर नवा होता, त्याला कशी सवय असणार? फेलिसा हातातल्या सेटकडे बघत राहिली. तिचा अंगठा अजून बटणावर होता. तिनं तो असा काढला की जणू चटका बसला.

तेवढ्यात दोन्ही सेट एकदम खरखरले. पुलावरच्या माणसानं बटण दाबलं होतं. शिकवल्याप्रमाणे तो एक श्वास थांबला.

"म्हणजे माझ्या पोरानं तुमचं ऐकलं होतं," ताता आम्बो म्हणाले.

बोलणं संपलं, तरी त्यांनी बोट उचललं नाही. दोन्ही सेटमधून पुलाखालचं पाणी वाहत राहिलं. फेलिसानं आपला सेट तोंडाशी नेला. पण ताता आम्बो बटण सोडीपर्यंत तिचा एकही शब्द तिकडे पोचणार नव्हता.