उजवी बाजू

लिफ्टवर चढवलेल्या काळ्या गाडीखाली मिस्त्री मान वर करून उभे होते. टॉर्च हातात होता, पण लावायची गरजच नव्हती. या मॉडेलची तीन दुखणी त्यांना तोंडपाठ होती. इंजिनामागे दडलेला प्लॅस्टिकचा पाइप तापून तापून चिरतो आणि इंजिन गार ठेवणारं कुलंट गळून जातं. मागच्या चाकांवरच्या हवेच्या पिशव्या झिजतात आणि गाडी मागून खाली बसते. टायमिंग चेन सैल पडते आणि गार इंजिन चालू करताना खडखडते. या गाडीला तिन्ही होती.

"नीट बघा हं, साडूभाऊ. काही सुटायला नको," ही जुनी गाडी विकत घ्यायला निघालेले साडू बाजूला उभे राहून म्हणाले. "खर्चाचं मनात आणू नका. असेल ते सांगा."

खर्चाचं मनात आणू नका. मिस्त्रींच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. हा माणूस गॅरेजमध्ये पांढरा शर्ट घालून येतो आणि तसाच पांढरा घेऊन परत जातो. दोघी सख्ख्या बहिणी, एकीच्या वाट्याला हा आणि दुसरीच्या वाट्याला ग्रीसने माखलेला नवरा. बायको कधी तुलना करायची नाही. पण बहिणीकडे जाऊन आली की दोन दिवस गप्प असायची, आणि ते मिस्त्रींना जास्त झोंबायचं.

गाडी खाली उतरवली. साडूंनी आत हात घालून एक बटण दाबलं. गाडी हळूच चार बोटं खाली बसली.

"बघितलंत? म्हाताऱ्या माणसालासुद्धा पाय उचलावा लागत नाही."

"आत्तापासूनच म्हातारपणाची सोय?"

साडू नुसते हसले. मग मागचं दार उघडून त्यांनी सीटवर तळहात दाबून पाहिला, कुणाला टोचणार तर नाही ना, असा. मिस्त्रींनी तोंड फिरवलं. अजून घेतली नाही तोवर एवढं कौतुक, घेतल्यावर तर सगळ्या पाहुण्यांच्या दारासमोर उभी करून हॉर्न वाजवत बसेल.

टेबलाशी येऊन त्यांनी चिठ्ठ्यांचं पुस्तक ओढलं.

मिस्त्रींची चिठ्ठी म्हणजे शेवटचा शब्द. छापील कागद, मधोमध उभी रेघ. डावीकडे 'ठीक', उजवीकडे 'काम'. तेवीस वर्षांत त्यांनी उजवी बाजू कधी कोरी सोडली नव्हती. काहीच सापडलं नाही तर निदान वायपरचं रबर तरी बदलायला सांगायचे. स्वतःच्या लेकीनेसुद्धा लग्न ठरताना होणाऱ्या नवऱ्याची मोटरसायकल आधी बापाकडे आणली होती. चिठ्ठी वाचली आणि मगच होकार दिला.

डावी बाजू त्यांनी भराभर भरली. उजवीकडे पेन टेकवलं आणि थांबले. डोळ्यांसमोर साडू उभे राहिले, भर रस्त्यात, बॉनेटमधून वाफा निघताहेत, पांढऱ्या शर्टाला घाम. मिस्त्रींना मनापासून बरं वाटलं. त्यांनी उजव्या बाजूवर वरपासून खालपर्यंत एक तिरकी रेघ ओढली आणि खाली सही ठोकली.

साडूंनी चिठ्ठी वाचली. उलटी करून मागेही पाहिलं.

"काहीच काम नाही?"

"नाही."

"तुमच्या चिठ्ठीत पहिल्यांदाच बघतोय हे."

"भरवसा नसेल तर दुसरीकडे दाखवा."

"छे हो. तुमच्यावर नाही तर कुणावर ठेवायचा?" त्यांनी चिठ्ठी जपून घडी करून खिशात ठेवली. "दुसरं कुणी असतं तर मी चार ठिकाणी फिरवली असती. तुमचं काम सरळ असतं. लग्नात मी दिलेला फ्रिजसुद्धा तुम्ही टेम्पोतूनच परत पाठवलात. मला वाईट वाटलं, पण तुमचं तोंडावर असतं, मागे काही नसतं."

फ्रिज लेकीच्या लग्नातला. मिस्त्रींना त्या गोष्टीचा अजून अभिमान होता. साडू गाडीकडे वळल्यावर ते हात पुसत उभे राहिले. मागून हाक मारायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात त्या गाडीचा हॉर्न वाजला, ऐटदार, दोनदा. त्यांनी तोंड मिटलं.

पुढचे तीन आठवडे मिस्त्री वाट बघत होते. साडूंचा फोन आला नाही. बायकोला आडून आडून विचारलं, तर म्हणाली, बहीण काही बोलली नाही. लेकीकडून काही कळावं, तर सासूच्या दवाखान्याच्या फेऱ्यांतून तिला माहेरी यायला सवड नव्हती. तरी त्यांनी एक वाक्य घासूनपुसून तयार ठेवलं होतं: काय साडूभाऊ, मोठ्या गाडीची मोठी दुखणी.

चौथ्या सोमवारी दुपारी टो-व्हॅन दारात येऊन थांबली. मागे काळी गाडी, बॉनेटच्या फटीतून अजून वाफ निघत होती. मागची बाजू जमिनीला टेकायची बाकी होती. एका फेरीत तीनपैकी दोन. मिस्त्रींनी सावकाश हात धुतले, केस सारखे केले आणि ते वाक्य ओठांवर घेऊन बाहेर आले.

व्हॅनमधून त्यांची लेक उतरली.

"बाबा, आधी रागावू नका. काकांनी दिलीय, सासूबाईंना डायलिसिसला न्यायला. तुम्ही परत पाठवाल म्हणून सांगितलं नव्हतं." तिने कपाळावरचा घाम पुसला. "अर्ध्या वाटेत बंद पडली. तासभर उन्हात होतो. त्यांना धाप लागली, तेव्हा एका दुकानदाराने आपल्या गाडीत घातलं. हे गेलेत बरोबर."

"कशा आहेत?"

"फोन नाही आला अजून."

लेकीने पर्समधून घडी केलेली चिठ्ठी काढली.

"काकांना काही बोलू नका, बाबा. ते म्हणाले होते, तुझे बाबा उजवीकडे जे जे लिहितील, ते सगळं नवं टाकल्याशिवाय मी गाडी तुझ्या दारात आणणार नाही."