वरून ओतलेलं पाणी

दूर कुठल्याशा स्टेशनात बॉम्बस्फोट झाला, माणसं मेली, आणि इथे बिरवाडीत गावच्या सभेत ठरलं की बाहेरून आलेल्या मुसलमानांना खोल्या द्यायच्या नाहीत. चंपाबाईचा भाडेकरू रफिकुल बंगालचा, कारखान्यात कामाला. तिला बरं नसलं की मुलाच्या मोटारसायकलवर बसवून महाडला डॉक्टरकडे तोच न्यायचा.

"तू बी हात वर केलास?" तिने मुलाला विचारलं.

"सगल्यांनीच केला, आये. एकट्यानं नाय म्हनून गावात ऱ्हायचं कसं?" धम्मपाल म्हणाला.

रफिकुल बॅग घेऊन अंगणात आला. फाटकापाशी शेजारची माणसं मोबाईल रोखून उभी होती. निघालेल्या माणसाला तहानलेलं कसं पाठवायचं, म्हणून चंपाबाईने भरलेला तांब्या त्याच्यापुढे धरला.

"तांब्या नको, मौसी. हे फोटो काढतात, नंतर तुम्हाला त्रास देतील," तो हळूच म्हणाला. "वरून ओता."

तो वाकला आणि त्याने ओंजळ धरली. तिने लांबूनच पाणी ओतलं. तो प्यायला, बाहीने तोंड पुसलं आणि हायवेच्या दिशेने चालू लागला.

धम्मपालने घाईने दार लावून घेतलं. "बरं झालं आये, त्याच्या हातात भांडं नाय दिलंस."

चंपाबाई रिकामा तांब्या धरून तशीच उभी होती.

"तुझा आजा चवदार तळ्यावर पानी प्यायला गेला ना," ती म्हणाली, "त्याच्या आदल्या दिवसापर्यंत लोक त्याला बी असंच वरनं पानी ओतायचे रे."