शंभर मीटरवरची फळी

बंदुकीचा धक्का म्हाताऱ्या बाबांच्या खांद्याला सोसावा म्हणून गुनवोरने यंदा हलकी काडतुसं आणली. पण त्यांची नजरही अधू झाली होती, त्याचं काय? शिकारीआधीच्या सरावाला तिने शंभर मीटरवरची नेमाची फळी गुपचूप बरीच अलीकडे आणून रोवली. तिन्ही गोळ्या मधोमध बसल्या.

"बघ, म्हातारा अजून कामातून गेलेला नाही!" बाबा खूश.

आठवड्याने फ्योर्डच्या खाडीवरच्या रानाच्या कडेला हरीण येऊन उभं राहिलं, चांगलं शंभर मीटरवर. बाबांनी नेम धरला. आता गुनवोरने खरं सांगावं तरी कसं? आणि नाही सांगितलं तर ते जनावर जखमी होऊन रानभर तडफडणार.

बाबांनी बंदूक खाली घेतली आणि तिच्या हातात दिली.

"तूच मार, पोरी. फळी तू माझ्यासाठी पुढे आणलीस. या हरणाला पुढे कोण आणणार?"