काटेवाल्याची पँट

पँट म्हणते:

घसरते आहे. वजनकाटे दुरुस्त करणारा काटेवाला एका हाताने तिला धरून उभा आहे आणि दुसऱ्या हाताने काट्याचा स्क्रू पिळतो आहे. समोरचं गिऱ्हाईक कौतुकाने म्हणालं, बारीक झालात की. काटेवाल्याने घाबरून पँट दोन्ही हातांनी धरली.

कारण तो बारीक होणं शक्यच नव्हतं.

डॉक्टर म्हणाले होते:

रक्तात साखर वाढली आहे, वजन उतरवा. नाहीतर गोळ्या, मग इंजेक्शनं, मग बघू. 'मग बघू' ऐकून बायको रडली. बायको कपडे शिवते. ती सहसा रडत नाही, गिऱ्हाइकांना रडवते. घरी येताच तिने पलंगाखालचा काटा ओढून काढला, पुसला, आणि जाहीर केलं की यापुढे दर रविवारी वजन केल्याशिवाय चहा मिळणार नाही.

काटा म्हणतो:

काटेवाला सांगेल तेच. बायको बाजारात गेल्यावर त्याने काटा उघडला आणि वजन कमी दिसावं म्हणून आतली स्प्रिंग जराशी आवळली. रिकाम्या काट्याची सुई शून्यावरच राहिली, म्हणजे संशयाला जागा नाही. दर शनिवारी आणखी जराशी. दर रविवारी बायको वाकून आकडा वाचायची आणि चहात आलं जास्त घालायची. काटेवाला दुकानात बसून क्रीमच्या बिस्किटांचा अख्खा पुडा संपवायचा. माणसाने एवढी मेहनत केल्यावर काहीतरी खायला नको का?

पँट म्हणते:

तरीही सैल. हीच नाही, दोरीवर वाळणारी दुसरीसुद्धा.

काट्याला फितवता येतं, पँटला कोण फितवणार? क्रीमची बिस्किटं खाऊन माणूस झिजतो, म्हणजे त्याला आतून काहीतरी खातंय. काटेवाल्याने पँटला कमरेशी सेफ्टीपिन लावली. मग तिच्या शेजारी आणखी एक. बिस्किटं घशाखाली उतरेनात. दुकानभर काटे होते, पण एकावरही चढायचा धीर होईना. शेजारच्या कुलूपवाल्याशी जुनं भांडण होतं, तेही त्याने मिटवून टाकलं. कुलूपवाला घाबरला.

रविवारी तो काट्यावर चढलाच नाही. खुर्चीत बसला आणि सगळं कबूल केलं. स्प्रिंग, पुडे, पुड्यांचे कागद कुठे टाकायचा ते.

"काटा खोटा आहे गं," तो म्हणाला. "पण पँट तर खरी आहे ना? मी काही आता राहत नाही."

बायको म्हणते:

आधी उभे राहा. तिने त्याला उभं केलं आणि गळ्यातली टेप काढून त्याच्या कमरेभोवती टाकली. आकडा वाचून मान हलवली. दोन बोटांनी वाढलाय, म्हणाली.

"पण पँट..."

"पँटही खोटी. इस्त्रीच्या आधी दर वेळी मीच कंबर उसवत होते. तुमच्या पँटींत आत जास्तीचं कापड मी शिवतानाच सोडून ठेवते. तुम्हाला ओळखते ना."

 काटेवाला मरणार नव्हता, म्हणून आधी हसला. मग त्याला राग आला. नवऱ्याशी असं कुणी वागतं का, म्हणाला. घाबरून जीव गेला असता त्याचा.

बायको टेप गुंडाळत राहिली.

"माझा आधी गेला होता," ती म्हणाली. "एकटीच जाऊन रक्त तपासून आले, छातीचा फोटो काढून आले, पोरीला दागिने कुठे ठेवलेत ते दाखवून ठेवलं. शेवटी डॉक्टरांच्या काट्यावर उभी राहिले, तेव्हा कुठे उलगडा झाला. अहो, तुम्ही उतरलात की त्याच काट्यावर मी चढते."