गोल झालेला बोल्ट

जॅक गाडीखाली जाईना. गाडी मुद्दाम खाली बसवून घेतलेली; तिचं पोट आणि फरशी यांच्यात धड वीतभरही जागा नव्हती. नवऱ्याने क्षणभर विचार केला, दोन फळ्या मागवल्या, पुढची चाकं त्यांच्यावर चढवली आणि मग जॅक आत सरकवला. गाडीचं नाक हळूहळू वर आलं.

"डोकं आहे हं!" मिशीवाला मेकॅनिक म्हणाला.

भिंतीजवळच्या बाकावर छकुलीला घेऊन बसलेल्या त्याच्या बायकोचा जीव भांड्यात पडला. निदान सुरुवात तरी झोकात झाली.

जागा फोरमनची होती. आधीचा फोरमन गाडीखाली पाय सापडून घरी बसला होता आणि गॅरेजच्या मालकाला माणूस ताबडतोब हवा होता. छकुली रांगायला लागली तेव्हापासून नवरा बिनकामाचा होता. आता ती भिंतीला धरून उभी राहू लागली होती. ही नोकरी मिळायलाच हवी होती.

मालकाने परीक्षा एका दमात सांगून टाकली होती. "इंजिनखालचा पत्रा उतरवा. त्याचा एक बोल्ट खराब आहे, तो काढून दाखवा." मग तो लांब खुर्ची टाकून बसला. बसल्या जागेवरून त्याला बोल्ट दिसणंही शक्य नव्हतं.

तिला घरी राहवेना आणि छकुलीला सांभाळायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून दोघीही सोबत आल्या होत्या. वाटेत नवऱ्याने बायकोला बजावलं होतं, "तू फक्त बसायचंस. तोंडातून अवाक्षर काढायचं नाही."

"मी कशाला बोलू?"

"तू? तू लिफ्टमध्ये अनोळखी माणसाला विचारतेस, दोर मजबूत आहे ना म्हणून!"

म्हणून ती गप्प बसली. बाकाशेजारी लाकडी ठोकळ्यांची चळत होती. तिच्यावर दुधाची बाटली ठेवून ती बघत राहिली.

नवरा पाठीवर सरकत आत गेला. बाहेर फक्त त्याचे पाय राहिले. पत्र्याचे बाकीचे बोल्ट पटापट निघाले; तो एकच उरला.

"डोकं पार गोल झालंय!" आतून आवाज आला. "पाना नुसताच फिरतोय."

"बोल्ट लाजतोय, साहेब," मिशीवाला म्हणाला. "गोडीगुलाबीने घ्या."

हशा पिकला. हातातली कामं टाकून सगळे मेकॅनिक गाडीभोवती गोळा झाले. नवऱ्याने गंज सुटायचं तेल मारलं. पकडीने धरून पाहिलं. पकड सटकली आणि त्याची बोटं पत्र्यावर आपटली.

"लागलं का रे?" ती ओरडलीच.

"तू गप्प बस!"

मग त्याने हातोडी मागितली आणि एक नंबर लहान पाना. तो गोल झालेल्या डोक्यावर ठोकून घट्ट बसवायचा, ही त्याची युक्ती होती. पहिला घाव बसला. गाडी हलली.

ती उठून उभी राहिली.

दुसरा घाव. गाडी पुन्हा हलली. एवढं मोठं धूड एका जॅकवर, आणि त्याची छाती बरोबर त्याच्याखाली.

"अरे, ही पडणार नाही ना?"

"वहिनी, तो जॅक ट्रक उचलतो," कोणीतरी हसत म्हणालं. "छोटी गाडी म्हणजे त्याला खेळणं."

"ट्रकवर कोणी खालून हातोडी मारतं का?" ती म्हणाली आणि छकुलीला सरळ मिशीवाल्याच्या हातात दिलं. "हिला जरा धरा."

त्याला काही सुचायच्या आत छकुलीने त्याची मिशी पकडली. पुन्हा हशा. तोवर तिने बाटली खाली ठेवली होती आणि एकेक ठोकळा ढकलत गाडीखाली नेला होता. या बाजूला थर रचला, मग वळसा घालून त्या बाजूला. ओढणी तेलात माखली.

"अगं, काय चाललंय तुझं?" नवरा आतून कुजबुजला. "माझी लाज काढू नकोस. मालक बघतोय!"

मालक खरंच बघत होता. कपाळाला आठ्या घालून तो तिच्याकडेच पाहत होता. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण घालवली याची नोकरी. तरी तिने शेवटचा ठोकळा सरकवला, गाडीच्या पोटाला टेकला की नाही ते हाताने चाचपलं आणि मगच मागे झाली.

"आता मार किती मारायचंय ते."

घाव पडू लागले. पाना बसला. नवऱ्याने दोन्ही हातांनी जोर लावला. कर्र असा आवाज आला.

"हलला!" मिशीवाला छकुलीसकट उडाला. "अजून थोडा!"

"लाव जोर! लाव!"

तिने ओढणीचं टोक दातांत धरलं. पुन्हा कर्र. आणि मग पाना सुळकन फिरला, फिरतच राहिला. पत्रा खणकन फरशीवर पडला. सगळ्या गॅरेजने टाळ्यांचा कडकडाट केला. कोणीतरी शिट्टी मारली. नवरा बाहेर आला तो काळ्या तोंडाने आणि पांढऱ्याशुभ्र हसण्याने. त्याने बोल्ट उंच धरला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. जमलं! जमवलं याने!

मालक उठला. त्याने बोल्ट घेऊन बोटांत फिरवला.

"काम फक्कड केलंत," तो म्हणाला. "बोल्ट सगळेच काढतात हो. दर वेळी मीच कानशीने घासून गोल करून ठेवतो."

नवऱ्याचं हसू तसंच राहिलं, पण त्याला काही कळलेलं दिसलं नाही.

मालक त्याला ओलांडून पुढे आला आणि गाडीखालच्या ठोकळ्यांकडे एक नजर टाकून तेलाने माखलेल्या ओढणीसमोर थांबला.

"ताई, उद्या सकाळी कामावर या. मुलीला आणलंत तरी चालेल."