रेघेबाहेरचं लाकूड

जायच्या आदल्या दुपारी बाबा डुलकी काढून शेडमध्ये आले, तेव्हा अश्लेषाने लाकूड कोरायचा विजेचा राउटर नुकताच बंद केला होता.

"भुंगा कशाला ओरडत होता?" राउटरला ते भुंगाच म्हणत.

"कपाटाच्या फळीला खोबण पाडत होते."

"रोज खोबण? वाळवीने पण एवढं पोखरलं नसतं गं ते कपाट."

ती हसली. त्यांनी चहा मागितला, करवत घेतली आणि दिवस मावळेपर्यंत खुर्चीच्या आणखी चार पट्ट्यांच्या टोकांना खाचेत बसायचं कुसू काढलं. पट्ट्या भिंतीला टेकवून हात धुतले. पहाटे झोपेतच गेले.

तेराव्यानंतर ग्रेसीमावशी पापडीहून वटारला आली. खुर्च्या तिच्याच होत्या. करायला सांगताना तिने बजावलं होतं, "चंद्रहास, मशीनचं काम नको हां. तुझ्या हातचं पाहिजे." आता ती तयार खुर्चीच्या पायावरून, जिथे पट्टीचं कुसू खाचेत शिरतं तिथून, बोट फिरवत राहिली.

"घाई नाही बाळा, होतील तेव्हा होऊ देत. पण बघ, शेवटपर्यंत हात काय साफ होता त्याचा."

"हं," अश्लेषा म्हणाली. माणसांना "हं" म्हणून म्हणून ती दमली होती.

वर्षभर बाबांचा हात थरथरत होता. तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं, बाबांना तर नाहीच. ते जेवून आडवे झाले की ती त्यांनी कापलेली पट्टी शिकंज्यात धरायची, वर सरळ फळी बांधायची आणि फळीच्या आधाराने राउटर फिरवून वाकडं कुसू सरळ करायची. शेवटाला लाकूड फाटू नये म्हणून पलीकडून एक टाकाऊ तुकडा लावायची. करवत रेघेच्या आत घुसलेली असली की आधी पातळ कपची चिकटवायची, ती सुकेपर्यंत ताटकळायचं. सगळं झाल्यावर पटाशीचे दोन ओरखडे ओढायचे, हातचं वाटावं म्हणून. संध्याकाळी बाबा कुसू खाचेत बसवून बघत. हातोडीशिवाय, नुसत्या दाबाने ते आत जाई. "बसलं," एवढंच ते म्हणत.

शेवटी शेवटी कपची लागत नव्हती. तेवढंच काम कमी, यापलीकडे ती विचार करत नसे.

ग्रेसीमावशी गेल्यावर तिने भिंतीकडच्या चार पट्ट्या उचलल्या. पहिली शिकंज्यात धरली, फळी बांधली, राउटर ठेवला. मग थांबली. दुसरी पट्टी उजेडात नेली. मग उरलेल्या दोन.

'रेघेला खेटून कापावं. रेघ उरली पाहिजे, लाकूड नाही.' हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. या पट्ट्यांवर पेन्सिलीची रेघ कुठेच तुटली नव्हती. रेघेबाहेर मात्र काडेपेटीतल्या काडीच्या जाडीएवढं लाकूड ठेवलं होतं. चारही पट्ट्यांना, दोन्ही टोकांना, सगळ्या बाजूंनी. कापलेली कड थरथरली होती, पण चुकलेली करवत कधी आत जाते, कधी बाहेर. ही एकदाही आत गेली नव्हती.

राउटरला पुरेल एवढं लाकूड.

आई दाराशी आली. "दमली असशील. आजच कशाला?"

 बाबा बसायचे त्या रिकाम्या जागेकडे अश्लेषाने हात पुढे केला.

"बाबा, हात थरथरतोय तुमचा," ती म्हणाली. "द्या इकडे. मी करते."