दोघांचं भाडं

मांद्र्याच्या त्या ट्रॅव्हल्सच्या ऑफिसला पायऱ्या तीनच होत्या, पण चाकाच्या खुर्चीला तीन काय नि तीनशे काय! रिक्षावाल्या दीपकने सगुणला खाली उतरवलं, त्याची खुर्ची माडाच्या सावलीत लावली आणि 'च्या मारून आलोच' म्हणून पळाला. मग आतली सिद्धीच लॅपटॉप काखेत धरून बाहेर आली आणि खालच्या पायरीवर बसली.

"काका, बोटीत चार तऱ्हेच्या केबिनी असतात," तिने पाठ केलेलं सुरू केलं. "आतली, तिला खिडकी नाही. मग खिडकीची. मग बाल्कनीची. आणि सगळ्यात वरची स्वीट. जितकी चांगली, तितकी महाग."

सगुणला हसूच आलं. घ्या! आता ही कालची पोर त्याला बोट शिकवणार. एकवीस वर्षं त्याने बोटीवर केबिनी झाडल्या होत्या. सकाळी अठरा, संध्याकाळी पुन्हा त्याच अठरा. कुठल्या बाल्कनीत वारा लागतो आणि कुठल्या केबिनीच्या डोक्यावर नाचगाणं चालतं, हे त्याने डोळे मिटून सांगितलं असतं. पण त्याने तिला बोलू दिलं. समोर बसून कुणी त्याला मायेने काही समजावतंय, असं हल्ली घडतच नव्हतं. पार्से गावातल्या त्याच्या घरात दिवसभर बोलायचा तो टीव्ही, आणि तो मेला काही ऐकून घेत नाही.

"आतली नको," तो म्हणाला. "खिडकी व्हयी."

"मग खिडकीची बघू?"

"तिच्या दारातसून ही खुर्ची जावची नाय गो बाय. चार बोटां कमी पडतत. आणि न्हाणयेक उंबरो."

सिद्धीने चमकून त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा लॅपटॉपमध्ये मान घातली. खुर्चीवाल्यांच्या केबिनी वेगळ्या असतात. दार रुंद, न्हाणीला उंबरठा नाही, भिंतीला धरायला दांडे. पण अख्ख्या बोटीत अशा सहाच होत्या आणि पाच गेलेल्या. उरली होती ती बाल्कनीची.

बाल्कनी! बोटीवर तो स्वतः राहायचा तो पार तळाला, पाण्याच्या खाली, एका खोलीत तिघे. तिथे खिडकी कसली नि काय कसलं! पण फोनवर बायको विचारायची, "तुमका खिडकी आसा मां?" आणि हा ठोकून द्यायचा, "आसा तर! आज उडते मासे दिसले." मग विनोदिनी म्हणायची, "माका कधी नेतल्यात?" येत्या सीझनला, हा म्हणायचा. कामगाराच्या बायकोला तेव्हा तिकीट स्वस्तात मिळे. पण आधी घराचा स्लॅब, मग विहिरीचा पंप, मग अमकं, मग तमकं. येता सीझन काही आला नाही. साखरेने त्याचा पाय नेला आणि गेल्या चतुर्थीच्या आधी चार दिवसांच्या तापाने विनोदिनी गेली.

"कितके जातले?" त्याने विचारलं.

"माणशी चौसष्ट हजार." सिद्धी जराशी घुटमळली. "पण काका, हा दर केबिनीत दोघं धरून असतो. एकटं माणूस राहिलं तरी भाडं दोघांचं भरावं लागतं. तुमच्यासोबत कोण येणार?"

रस्त्यावरून भाड्याच्या स्कूटरवर एक जोडपं हसत खिदळत गेलं. सोबत कोण! हॉस्पिटलात हेच विचारतात, बँकेत हेच विचारतात, आता बोटीवर जायचं तरी हेच. सगुणने मनातल्या मनात माणसं फिरवून पाहिली. भाऊ बोलत नाही. भाचा दुबईला. पुढे नावच सुचेना, म्हणून तो दीपकपर्यंत पोचला आणि स्वतःचीच लाज वाटून थांबला.

"एकटोच," तो म्हणाला. "दोघांचे घे."

"एक लाख अठ्ठावीस हजार होतात, काका. बघा ना कोणीतरी. अर्धे पैसे उगाच फुकट जाणार."

"जाऊ देत नाय मी फुकट. तू लिव."

सिद्धी लिहू लागली. नाव, वय, गाव. खुर्चीवरून आपलं आपण उतरता येतं का? येतं. गोळ्या कुठल्या? त्याने खिशातली चिठ्ठीच तिच्या हातात दिली.

"शेवटचं, काका. आत दोन खाटा असतात. जोडून ठेवायला सांगू की वेगळ्या?"

सगुणला त्या अठरा केबिनी आठवल्या. केबिनीत एकटं माणूस आलं की झाडणारे खूश व्हायचे. एकच खाट करायची. दुसरीवर पलंगपोस ओढून टाकला की आठ दिवस तिच्याकडे बघायला नको. त्यानेही एकवीस वर्षं तेच केलं होतं. एकट्या आलेल्या म्हाताऱ्या त्या झाकलेल्या खाटेकडे बघत बसलेल्या असायच्या. त्याला वाटायचं, बसल्या असतील कंटाळून. तो 'गुड मॉर्निंग, मॅडम' म्हणायचा आणि पुढच्या केबिनीत जायचा.

"येगळ्यो," तो म्हणाला. "आणि लिव, दुसऱ्या खाटेची चादर रोज बदलूक व्हयी. उशी पण."

सिद्धीची बोटं थांबली. "पण काका, त्या खाटेवर झोपणार कोण?"

"पैसे दोघांचे घेतंस मां?" सगुण म्हणाला. "मग लिव. बाल्कनीकडची तिची."